‘डीम’ म्हणजे नेमकं काय हो? (मानीव, अभिमत आणि आमच्या सोसायटीतले काका)

खिडकीतली_तुळस (धागाकर्ती)

रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सभा झाली. विषय एकच, डीम्ड कन्व्हेयन्स. इमारत उभी राहून तीस वर्षं होत आली, बिल्डरने जमीन अजून सोसायटीच्या नावावर करून दिलेली नाही. मी सचिव. कोणीच हात वर केला नाही म्हणून झालेली सचिव.

मी खर्चाचा आकडा सांगितला आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. म्हणाले, "डीम्ड म्हणजे खरं नव्हे. डीम्ड युनिव्हर्सिटी जशी खरी युनिव्हर्सिटी नसते, तसं हे डुप्लिकेट कन्व्हेयन्स. डुप्लिकेटसाठी घरटी एवढे पैसे?" मागून कोणीतरी म्हणालं, "डिम लाइटसारखं, मंद." सगळे हसले, चहा आला, ठराव पुढच्या सभेवर गेला.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. ‘डीम’ म्हणजे समजणे, मानणे, मत होणे. आता कन्व्हेयन्स झालं असं माझं ‘मत होऊन’ काय उपयोग? सरकारी कागदावर ‘मानीव अभिहस्तांतरण’ असं लिहिलंय. विद्यापीठ मात्र ‘अभिमत’. एकाच क्रियापदाला दोन मराठी शब्द का? आणि काकांना काय उत्तर देऊ? जाणकारांनी प्रकाश पाडावा. (डिम नको.)

शब्दखुळा

डिमचा आणि डीमचा काही संबंध नाही, हे काकांना आधी सांगा.

डीम हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द, ‘डेमन’. अर्थ न्याय करणे, निवाडा देणे. याचाच सख्खा भाऊ ‘डूम’. आज डूम म्हटलं की सर्वनाश आठवतो, पण मुळात डूम म्हणजे निवाडा. डूम्सडे म्हणजे निवाड्याचा दिवस. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने सगळ्या जमिनींची मोजदाद करवली, त्या दप्तराला लोक डूम्सडे बुक म्हणू लागले, कारण त्यात जे लिहिलं त्यावर अपील नाही. म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा खापरपणजोबाच.

थोडक्यात, ‘डीम’ म्हणजे नुसतं ‘वाटणे’ नव्हे. ज्याला निवाड्याचा अधिकार आहे त्याने ‘हे असं आहे’ असं ठरवणे. अधिकार नसलेल्या माणसाने डीम केलं तर ते त्याचं मत, एवढंच.

बांगडा_फ्राय

शब्दखुळा, एक राहिलं. आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथल्या न्यायाधीशाला आजही ‘डीमस्टर’ म्हणतात. त्यांची शपथ आम्हा मासेखाऊंच्या फार जिव्हाळ्याची. हेरिंग माशाचा काटा जसा माशाच्या बरोबर मधोमध असतो, तसा मी दोन्ही पक्षांच्या मधोमध राहून न्याय करीन, अशा आशयाची.

बांगडा उघडून बघा, काटा कसा सरळ मधून जातो. शपथ घ्यावी तर अशी.

ओळंबा

मग ‘रीडीम’ म्हणजे पुन्हा डीम करणे का? कूपन रीडीम करतो ते?

शब्दखुळा

नाही हो. रीडीम लॅटिनमधून आलंय, ‘परत विकत घेणे’ या अर्थाने. गहाण दागिना सोडवतो ना, ते. तोंडवळा सारखा, पण गोत्र वेगळं.

निवृत्त_वकील

तुळसताई, कायद्यात हे क्रियापद आलं की समजायचं, इथे कायद्याने एक सोंग घेतलं आहे आणि ते सोंग आहे हे त्याला पुरतं ठाऊक आहे. आम्ही त्याला ‘लीगल फिक्शन’ म्हणतो, मराठीत ‘विधिकल्पित’. जे घडलेलं नाही ते घडलं असं धरायचं. पुरावा मागायचा नाही, ‘पण प्रत्यक्षात तर…’ असंही म्हणायचं नाही.

इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड अस्क्विथ यांचं यावर एक प्रसिद्ध विवेचन आहे. मथितार्थ असा: काल्पनिक स्थिती खरी मानायची असा हुकूम असेल, तर त्या स्थितीतून ओघाने येणाऱ्या गोष्टीही खऱ्या माना, अर्ध्या वाटेत कल्पनाशक्तीला बिचकू देऊ नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ सालीच, मुंबई राज्य विरुद्ध पांडुरंग विनायक या खटल्यात, हे तत्त्व उचललं. त्यानंतर ‘शॅल बी डीम्ड’वर वाद घालणारा प्रत्येक वकील ते उद्धृत करतो. मीही असंख्य वेळा केलं आहे, निम्म्या वेळा उगाच.

आता तुमचा मुद्दा. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देणं बिल्डरचं कर्तव्य. तो देत नाही. पूर्वी त्यासाठी दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षं बसावं लागे. २००८ च्या दुरुस्तीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करायची सोय झाली. बिल्डरला नोटीस जाते, त्याचं ऐकून घेतात, आला नाही तरी काम पुढे जातं आणि उपनिबंधक प्रमाणपत्र देतात. त्यावर दस्त नोंदवला जातो.

यात ‘मानीव’ काय आहे ते नीट बघा. बिल्डरचं *देणं* मानीव आहे. त्याने सही केली नाही, तरी दिलं असं धरायचं. तुमचं *घेणं* मुळीच मानीव नाही. मुद्रांक खरा, नोंदणी खरी, मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागतं तेही खरं. काकांनी सोंग भलत्याच माणसाच्या अंगावर चढवलं आहे.

एक सावधगिरी. मूळ मालकीचाच वाद असेल, तर दिवाणी न्यायालयाचं दार कोणालाही उघडं राहतं. उपनिबंधक तो वाद कायमचा मिटवत नाहीत.

गोधडी

वकीलकाका, एवढं अस्क्विथपर्यंत कशाला जायचं? आपल्याकडे ‘मानलेला भाऊ’ आहे की! एकदा भाऊ मानला की भाऊबीजेला ओवाळणी घालायची, भाचीच्या लग्नाला मामा म्हणून अंतरपाटाशी उभं राहायचं. तिथे "मी काही सख्खा नाही" म्हणून पाकिटातले पैसे कमी करता येत नाहीत. कल्पनेला बिचकू द्यायचं नाही ते हेच ना?

आणि पूजेतली सुपारी? गुरुजी तांदळाच्या ढिगावर सुपारी ठेवतात, ‘गणपती’ म्हणतात. मग तिला स्नान, गंध, जानवं, नैवेद्य सगळं. विसर्जन झालं की तीच सुपारी.

निवृत्त_वकील

गोधडीताई, चाळीस वर्षं वकिली केली, पण ज्युनिअरना इतकं सोपं करून सांगता आलं नाही. विसर्जनाचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. हे ‘मानणं’ ठरलेल्या कामापुरतंच असतं. काम सरलं की सुपारी ही सुपारी.

मानलेल्या नात्यावरून दत्तक आठवलं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचं कलम १२: दत्तक मूल हे दत्तक दिल्याच्या तारखेपासून दत्तक आईबापांचं मूल सर्व कारणांसाठी ‘मानलं जाईल’, जन्मघराशी नाती तुटली असं समजलं जाईल. पण लगेच पुढे अपवाद. जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं, ते निषिद्धच राहील. रक्ताला ‘तू नाहीस असं समज’ म्हणून चालत नाही, हे कायद्यालाही कळतं.

ओळंबा

म्हणजे डीम आणि प्रिझ्यूम एकच?

निवृत्त_वकील

नाही. प्रिझ्यूम म्हणजे ‘गृहीत धरणे’. तिथे उलटं सिद्ध करायची संधी बहुधा असते. डीममध्ये उलट सिद्ध करून फायदा नसतो, कारण ते खोटं असू शकतं हे कायदा आधीच कबूल करून बसलेला असतो. मात्र कायदे लिहिणारे हा भेद दर वेळी पाळतातच असं नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून, रजिस्टर पोस्टाने नोटीस टाकली की बजावणी झाली असं मानतात. पण उलट सिद्ध झालं नाही तर, असंही तिथेच म्हटलंय. शब्दावर जाऊ नका, अख्खं कलम वाचा.

दगडी_जातं

हा शब्द आमच्या घरात तीन पिढ्यांपासून आहे, पण कोणाला ठाऊक नव्हता.

राजापूर तालुक्यातलं गाव. आजोबा कूळ. दुसऱ्याची जमीन कसायची आणि खंड घालायचा. १९४८ च्या कूळ कायद्यात पुढे कलम ३२ आलं: १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळाने जमीनमालकाकडून जमीन विकत घेतली असं *मानण्यात येईल*. त्या दिवशी आजोबांनी ना पैसे मोजले, ना कागदावर अंगठा उठवला. बहुतेक नांगरणीपूर्वीची भाजावळ करत असतील. आणि त्या दिवशी ते खरेदीदार झाले. त्यांना ते कळलं फार नंतर, तहसील कचेरीतून ३२ग ची नोटीस आली तेव्हा. किंमत ठरली, हप्ते पाडून मिळाले, आणि शेवटी ३२म चं, खरेदी पुरी झाल्याचं प्रमाणपत्र. ते अजून पत्र्याच्या पेटीत आहे. घडीवर चार तुकडे झालेत, आईने मागून खाकी चिकटपट्टी लावलीय.

पण वाडीतल्या एकाने नोटीस आल्यावर "कचेरीत गेलो की काहीतरी सही घेतील" म्हणून जाणंच टाळलं. त्याची खरेदी निष्प्रभावी ठरली. कायद्याने मानलं होतं, पण ‘मला घ्यायची आहे’ हे तोंडाने सांगायला हजर राहावं लागतं. तुळसताई, म्हणून सांगतो, हा शब्द आपोआप काही करत नाही. अर्ज घेऊन जावंच लागतं.

कलम ४ ही बघा. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ ‘मानला जाईल’. त्याला गावात मानीव कूळ म्हणत. अनेकांकडे कुळाचा कागद नव्हताच, ते या एका क्रियापदावर तरले.

वाड्याचा_चौथरा

दगडी_जातं, तुमचं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजूही लिहितो. आमची जमीन त्याच कायद्याने गेली. पणजी विधवा होती, म्हणून कायद्याने कुळाचा हक्क काही काळ लांबवला होता एवढंच. पुढे गेलीच. आमच्याकडे ‘एक एप्रिल’ हा शब्द वेगळ्याच सुरात उच्चारतात. आम्ही विकली नव्हती, विकली असं मानलं गेलं. तक्रार करत नाही. कसत तेच होते, आम्ही मुंबईत.

दगडी_जातं

कळतं. आमच्याकडे गेलेल्या जमिनीचं कोणी बोलत नाही, मिळालेल्याचंच बोलतात.

पणजीचो_पाव

गोव्यातही असंच. १९६४ च्या कूळ कायद्याला १९७६ ची पाचवी दुरुस्ती झाली आणि तिथेही कुळाने जमीन विकत घेतली असं मानलं गेलं. खटले मात्र किती तरी वर्षं रेंगाळले.

टेबल_क्रमांक_सात

आमच्या कचेरीत मानीव हा रोजचा शब्द, इंग्रजीत काय म्हणतात ते पुढे कळलं. ‘मानीव दिनांक’ ऐकलंय? कनिष्ठाला पदोन्नती मिळाली, तुमची चुकून राहिली, मग तीन वर्षांनी मिळाली. तेव्हा कनिष्ठाच्या तारखेपासूनच तुम्हीही बढती घेतली होती असं धरतात. ज्येष्ठता मिळते, वेतननिश्चिती होते, मधल्या काळाची थकबाकी मात्र बहुधा नाही. बढती मानीव आणि थकबाकी खरोखरची शून्य! अस्क्विथ साहेबांना सांगा कोणीतरी.

दुसरं ‘मानीव निलंबन’. सरकारी कर्मचारी ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला, तर अटकेच्या तारखेपासून निलंबित झाला असं मानतात. आदेश नंतर टंकलिखित होतो. माणूस आत, फाइल बाहेर.

चष्मा_कुठेय

मला गंमत वाटते ती सरकारच्या *न बोलण्याची*. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ४५ आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत काहीच कळवलं नाही, तर परवानगी दिली असं मानायचं. अर्थात नकाशा विकास योजनेत आणि नियमांत बसत असेल तरच. आणि २००५ चा माहिती अधिकार कायदा बघा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर अर्ज *नाकारला* असं मानायचं.

तेच मौन, तेच सरकार. एकीकडे होकार, दुसरीकडे नकार. आपण शाळेत ‘मौनं संमतिलक्षणम्’ पाठ केलं ते अर्धंच खरं होतं.

निवृत्त_वकील

आणि दोन्ही अर्जदाराच्याच सोयीचं आहे, हे लक्षात घ्या. नकार मानला म्हणूनच तुम्हाला एकतिसाव्या दिवशी अपिलात जाता येतं. नाहीतर ‘अजून निर्णय झालेला नाही’ म्हणत अर्ज तसाच पडून राहिला असता.

खडू_फळा

इंग्रजीची मास्तरीण आहे, व्याकरणाचं राहिलंय म्हणून घुसते.

डीमनंतर ‘ॲज’ लागत नाही. ‘ही वॉज डीम्ड ॲज अनफिट’ चूक, ‘ही वॉज डीम्ड अनफिट’ बरोबर. मराठीत आपण ‘अपात्र *म्हणून* गणला गेला’ म्हणतो, त्या ‘म्हणून’चा हा ‘ॲज’. ‘रिगार्ड’ला चालतो, ‘डीम’ला नाही. हवं तर ‘टु बी’ घाला. डीम्ड टु बी युनिव्हर्सिटी हे त्यातलंच.

दुसरं म्हणजे मुख्य अतिथींचं लाडकं ‘आय डीम इट अ प्रिव्हिलेज’. व्याकरण चोख, पण स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलांपुढे जरा कडक इस्त्रीचं. बोलताना कोणी ‘आय डीम धिस चहा गोड’ म्हणत नाही. हे क्रियापद कागदावर, न्यायालयात आणि व्यासपीठावर राहतं, स्वयंपाकघरात येत नाही. उलट आपलं ‘मानणे’ स्वयंपाकघरापासून विधिमंडळापर्यंत फिरतं. मी देव मानते, तू मला मानत नाहीस, मानलं बुवा तुला! म्हणूनच भाषांतर अडतं. डीमचा कडकपणा ‘मानणे’त उतरत नाही, तो ‘मानण्यात येईल’ या कर्मणी रचनेत थोडा येतो. कोण मानणार ते सांगायचंच नाही, की झालं सरकारी.

शब्दखुळा

म्हणूनच ‘मानीव’ मला आवडतो. कोरीव, रेखीव, घोटीव, पाळीव यांच्या रांगेतला. पाळलेलं ते पाळीव, मानलेलं ते मानीव. कारखान्यात बनवलेला वाटत नाही. शेजारचं ‘अभिहस्तांतरण’ तेवढं जिभेला घाम फोडतं.

‘अभिमत’ संस्कृत. त्यात ‘मान्य, संमत’ अशी छटा आहे. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ प्रमाणे केंद्र सरकार आयोगाच्या सल्ल्याने एखाद्या संस्थेला विद्यापीठ मानतं. यात पहिली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, १९५८. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९६४ मध्ये. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९९० मध्ये. ही डुप्लिकेट आहेत का, काकांना विचारा. ‘मानीव विद्यापीठ’ म्हटलं असतं तर खोटं-खोटं वाटलं असतं, ‘अभिमत’मुळे मान राहिला. पण इतर ‘अभिमत’ छापाच्या संस्थांनी पाटीवर नुसतं ‘युनिव्हर्सिटी’ लिहून जो धुरळा उडवला, तो २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाला थांबवावा लागला. काकांचा संशय अगदीच हवेतला नाही.

वाळूतला_उंट

दुबईहून. आम्हीही मानीव आहोत. २०२० च्या वित्त कायद्याने ‘डीम्ड रेसिडेंट’ आणला. भारतीय नागरिक, परदेशातलं उत्पन्न वगळून पंधरा लाखांवर उत्पन्न आणि दुसऱ्या कुठल्याच देशात राहण्यावरून कर लागत नाही, तर तो भारतात राहतो असं मानायचं. आमच्या मेसमध्ये एक आठवडा दुसरा विषय नव्हता. पुण्याच्या फ्लॅटच्या भाड्यात पंधरा लाख कुठून होणार, हे लक्षात आल्यावर सगळे गप्प झाले. आई म्हणाली, "सरकार मानतंय ना तू इथे राहतोस, मग गणपतीला तरी ये."

ओळंबा

आई जिंकली.

खिडकीतली_तुळस (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. धागा छापून सभेला नेला होता.

काकांना आधी वकीलकाकांचं ‘देणं मानीव, घेणं खरं’ वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शब्दांचे खेळ." मग गोधडीची सुपारी सांगितली. काका दरवर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाचे यजमान. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण सुपारीची पूजा करताना बिल्डर हजर लागतो का?" नाही म्हटल्यावर ठरावाला अनुमोदक म्हणून त्यांनीच हात वर केला. विरोधात चार मतं पडली, ती खर्चावरून. इंग्रजीवरून एकही नाही.

नमुना सातचा अर्ज भरायला घेतलाय. पहिल्याच पानावर अडले. ‘प्रवर्तक’ म्हणजे बिल्डरच ना?

निवृत्त_वकील

हो. त्याचा शेवटचा ठाऊक असलेला पत्ता घाला. आणि करारनाम्याची प्रत जोडा, झेरॉक्स पुसट असेल तर आधी ती नव्याने काढून घ्या.